शेवटच्याला पहिली निवड

काही मनासारखं झालं की ते दोन्ही हात कोपरातून वाकवून कमरेशी आणायचे आणि दोन्ही तर्जन्या ताठ पुढे रोखायचे. प्रोग्रॅम एका दमात कंपाइल झाला, दोन बोटं. पार्किंगमध्ये झाडाखालची जागा मिळाली, दोन बोटं. मी डब्यातलं थालीपीठ पुढे केलं की तोंडात घास असतानाच दोन बोटं. सांता क्लाराच्या त्या ऑफिसात मी नवीन होते. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, गृहस्थ जरा सरकलेले दिसतात.

मग त्यांनीच एकदा समजावून सांगितलं. अमेरिकेत येण्याआधी ते काही वर्षं मेलबर्नला होते आणि तिथल्या फुटबॉलचं त्यांना वेड लागलं होतं. आपला फुटबॉल नव्हे आणि अमेरिकन तर नव्हेच नव्हे. त्यांच्या त्या खेळात मैदान लंबगोल, चेंडूही लांबट आणि गोलपाशी पांढरा डगला, पांढरी हॅट घातलेला एक अंपायर उभा. मधल्या दोन उंच खांबांतून चेंडू गेला की तो दोन बोटं रोखतो, सहा पॉइंट. थोडक्यात हुकला, बाजूच्या बुटक्या खांबाच्या आतून गेला, की एक बोट आणि एक पॉइंट.

"चुकलेल्यालाही पॉइंट देतात हो तिकडे!" हे सांगताना त्यांचे डोळे चमकायचे. "आहे का जगात दुसरा असा गेम?"

मी पुण्याची. म्हटलं, "चुकलेल्याला मार्क द्यायला लागलो तर आमच्या शाळेला कुलूप लावावं लागेल." त्यावर ते खो खो हसले आणि मला एक बोट दाखवलं. म्हणजे विनोद जवळून गेला.

त्यांचं नाव मी सांगत नाही. सगळे त्यांना कप्तानच म्हणायचे, ऑफिसातले गोरे लोकसुद्धा. मेलबर्नच्या एका मित्राने त्यांना मॅचच्या व्हिडिओ कॅसेट पाठवल्या होत्या. तिकडच्या कॅसेट अमेरिकेच्या व्हीसीआरवर चालत नाहीत, हे त्या येऊन पडल्यावर कळलं. पडद्यावर नुसत्या आडव्या रेघा. तरी हे घटकाभर त्या रेघा बघत बसले होते, असं वहिनी, म्हणजे त्यांची बायको, सांगायच्या. मग मित्र वर्तमानपत्रांची कात्रणं पाठवू लागला. त्या कात्रणांतूनच आमच्या आयुष्यात ते ड्राफ्ट प्रकरण आलं.

त्याचं असं झालं. रविवारी आमची देशी मंडळी सिटी पार्कात चटई अंथरून क्रिकेट खेळायची. चार टीम होत्या आणि चारी गावावरून पडलेल्या. मुंबईकरांची एक, मद्रासवाल्यांची एक, गुजराती मंडळींची एक आणि उरलेल्या गाळसाळाची एक. उरलेले दर रविवारी हरायचे आणि घरी येऊन बायकांवर चिडायचे. माझा नवरा त्या उरलेल्यांत होता, म्हणून मी हे खात्रीने सांगते. तेवढ्यात मेलबर्नहून कात्रण आलं की तिकडे नवी पद्धत सुरू झाली आहे. नवे खेळाडू सगळ्या क्लबांनी पाळीपाळीने निवडायचे आणि जो क्लब तळाला असेल, त्याची निवड पहिली.

"शेवटच्याला पहिला मान!" कप्तान ऑफिसभर सांगत सुटले. "आपल्याकडे पंगतीत हे कधी कुणाला सुचलं नाही बघा."

त्यांनी चारी टीम मोडायला लावल्या. कसं जमवलं देव जाणे. मार्चमध्ये त्यांच्या गॅरेजात सगळे जमले, फोल्डिंगच्या खुर्च्या, वहिनींचे पोहे, आणि चार कॅप्टन, त्यांतले एक कप्तान स्वतः, पाळीपाळीने एकेक नाव घेऊ लागले. स्कोअर मी लिहायची, त्यामुळे कुणाला कोणी घेतलं हे फळ्यावर लिहायचं कामही माझ्याच गळ्यात आलं. भर गॅरेजात शेवटपर्यंत आपलं नाव न येणं म्हणजे काय असतं, ते माझ्या नवऱ्याला विचारा. त्यावरही कप्तानांनी तोड काढली होती. ज्याला सगळ्यांत शेवटी निवडतील, त्याच्या हातात पोह्यांची पहिली बशी. आमच्या घरात त्या वर्षी पहिली बशी आली, हे वेगळं सांगायला नको.

आणि त्यांची ती निवडायची रीत! बॅट्समन, बोलर हे ते बघतच नसत. "बॅटिंग काय, कुणालाही येते. रविवारी घरून सुटणारा माणूस मिळत नाही." म्हणून फेब्रुवारीत ते घरोघरी फोन करायचे, खेळाडूंना नाही, त्यांच्या बायकांना. "वहिनी, यंदा कसं काय? सासूबाई येताहेत का?" ज्याची आई किंवा सासू मे महिन्यात सहा महिन्यांसाठी येणार, त्याचा भाव एकदम वर. मुलं सांभाळायला माणूस आलं ना घरात! ज्याच्या बायकोला जुलैत दिवस भरणार, तो कितीही चांगला खेळो, खाली. मला फोन आला तेव्हा मी चांगलं फुगवून सांगितलं, की माझी आई येणार आहे, ह्यांना रविवार मोकळाच मोकळा. कप्तान शांतपणे म्हणाले, "आई येऊ दे. पण तुमचा नवरा धावताना आधी खिसा सांभाळतो. शेवटच्या फेरीचा माल आहे." मला असा राग आला! दोन दिवस थालीपीठ दिलं नाही.

एक नियम मात्र त्यांनी अगदी कडक केला होता. सीझनमध्ये दोन कॅप्टन आपसांत खेळाडूंची अदलाबदल करू शकत, पण आधी त्या खेळाडूला विचारायचं. त्याने हो म्हटलं तरच. कुठल्याशा कात्रणात त्यांनी वाचलं होतं, की एका बिचाऱ्याला आपण दुसऱ्या क्लबात गेलो हे गाडी चालवताना रेडिओवर कळलं. ते वाचून ते फार अस्वस्थ झाले होते. "माणूस आहे, खुर्ची नाही," म्हणायचे. "इकडची तिकडे सरकवायची असली तरी आधी विचारा." स्वतः फोन करायचे, आडून आडून, हवापाण्याच्या गप्पा मारून, मग हळूच विचारायचे. नको म्हटलं तर विषय संपला. कुणाचंही नाव लिहायच्या आधी 'विचारलं?' म्हणायची मलाही सवयच लागली.

आता मधूभाऊंबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथेच येऊन अडतं. मधूभाऊ आणि कप्तान नागपूरला एका गल्लीत वाढलेले, एका बाकावर बसलेले. कप्तानांच्या भरवशावर मधूभाऊ कॅलिफोर्नियात आले, त्यांच्याच घरी उतरले आणि दोन रस्ते सोडून राहू लागले. रविवारी मॅच संपली की दोन्ही घरं एकत्र जेवायची. प्रत्येक कॅप्टनला एक माणूस ड्राफ्टमध्ये न घालता स्वतःकडे ठेवता यायचा. कप्तानांचा तो माणूस कोण, हे कुणी विचारतही नसे. मधूभाऊ विकेटकीपर. चेंडू हातात आला की ओरडायचे, "झोपला काय बे कप्तान!" आणि कप्तान स्लिपमधून ओरडायचे, "तू पकडून राहिला ना, मग मी झोपतो!" माझ्या पुणेरी कानांना ते भांडणच वाटायचं.

ज्या वर्षाचं सांगते, त्या वर्षी सांता क्लाराच्या खोऱ्यात कंपन्या माणसं कमी करत होत्या. मधूभाऊंची नोकरी मे महिन्यात गेली. नुसती नोकरी गेली असती तरी एक वेळ चाललं असतं, पण त्यांचं ग्रीन कार्ड त्या कंपनीमार्फत चाललेलं. नवी कंपनी लवकर मिळाली नाही तर बाडबिस्तरा गुंडाळून परत जायचं. मुलगी चौथीत, मराठी समजायची, बोलायची इंग्लिशमध्ये. मधूभाऊ कुणाकडे शब्द टाकणारे नव्हते. कप्तानांनी दोनदा ओळखीचा विषय काढला तर उठून गेले होते. "मले भीक नको," एवढंच म्हणाले. एरवी आमच्याशी शुद्ध बोलणारा तो माणूस चिडला की वऱ्हाडीवर यायचा.

त्यानंतरच्या एका रविवारी मी तंबूत टेबल मांडत होते, तर कप्तान आले आणि म्हणाले, "आज एक ट्रेड आहे. मध्या रामनकडे, रामनचा फास्ट बोलर आपल्याकडे."

रामन म्हणजे दुसऱ्या टीमचे कॅप्टन, सनीव्हेलच्या एका कंपनीत मॅनेजर. मला वाटलं थट्टा करताहेत. म्हटलं, "मधूभाऊंना विचारलंत?"

"मध्याला काय विचारायचं? घरच्या माणसाला कुणी विचारतं का?"

"अहो, पण नियम तुमचाच..."

"तो परक्यांसाठी," म्हणाले, आणि तरातरा मैदानाकडे गेले.

मधूभाऊ पॅड बांधून तयार होते. कप्तानांनी सगळ्यांसमोर, टॉसच्या आधी, हसत हसत जाहीर करून टाकलं. मधूभाऊही पहिल्यांदा हसले. मग रामनच्या टीममधल्या कुणी तरी टाळी वाजवून "वेलकम!" म्हटलं, तेव्हा त्यांचं हसणं थांबलं. खाली बसून त्यांनी एकेक बक्कल सोडलं. पॅड टीमचे होते. ते नीट जोडून कप्तानांच्या पायाशी ठेवले आणि पलीकडे चालत गेले. काही बोलले असते, शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं असं मला आजही वाटतं.

त्या दिवशी ते जे खेळले, ते मी विसरणार नाही. कप्तान बॅटिंगला आले, एक चेंडू पुढे जाऊन मारायला गेले, हुकला, आणि मागे वळेपर्यंत मधूभाऊंनी बेल्स उडवल्या होत्या. कप्तान स्टंप्ड! आणि हा वेडा माणूस आउट झालेला असताना, तिथेच उभं राहून, आनंदाने दोन बोटं रोखतो मधूभाऊंकडे. मधूभाऊ चेंडू बोलरकडे फेकून पाठ फिरवून उभे राहिले. ती बोटं तशीच हवेत. मग ती खाली आली आणि बॅट काखेत मारून कप्तान चालू लागले.

सोमवारी कॅफेटेरियात मी त्यांना धरलं. म्हटलं, "शोभलं का हो तुम्हाला?" तेव्हा ते बोलले. रामनच्या ग्रुपमध्ये एक जागा होती. पण रामनची रीत अशी, की रेझ्युमे बघून तो माणूस घ्यायचाच नाही. चार रविवार शेजारी उभा राहून बघेन, मग ठरवेन, असं म्हणायचा. मधू त्याच्या टीममध्ये गेला तर काम आपोआप होणार होतं. मधूला आधी सांगितलं असतं तर तो गेलाच नसता. "भीक नको म्हणाला असता. मी त्याला ओळखतो ना."

मी जरा वरमले. पण पुणेरीपणा जाईना. "आणि तो फास्ट बोलर?"

त्यांनी कॉफी ढवळली. बराच वेळ ढवळली. "तोही पाहिजेच होता हो. खोटं कशाला बोलू? दोन्ही खरं आहे."

मला तो माणूस तिथे जास्त आवडला आणि त्याच वेळी त्याचा राग आला. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. भलं करतात, मनापासून करतात, पण ते करताना समोरच्याला खोलीबाहेर बसवतात.

झालं सगळं त्यांच्या हिशेबाप्रमाणे. उन्हाळा संपायच्या आत मधूभाऊ रामनच्या कंपनीत लागले, कागद पुढे सरकले, मुलगी त्याच शाळेत राहिली. इकडे रामनकडून आलेल्या त्या पोराच्या बोलिंगवर कप्तानांच्या टीमने कप जिंकला. बक्षीस समारंभाला मधूभाऊ आले नाहीत. तो कप गॅरेजात गेला आणि वहिनी त्यात कपडे वाळत घालायचे चिमटे ठेवू लागल्या.

रविवारची जेवणं बंद झाली. बायकांचं चालू होतं. इकडून आमटी जायची, रिकामं भांडं कसं द्यायचं म्हणून तिकडून वडीभात यायचा. पुरुषांचं मात्र ठप्प. कप्तानांना वाटायचं, दिवाळीपर्यंत येईल ताळ्यावर. दिवाळीला फराळाचा डबा घेऊन ते स्वतः गेले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. चेहरा बघवत नव्हता.

"मला 'या' म्हणाला."

"कोण?"

"मध्या. दार उघडलं आणि म्हणाला, 'या. बसा. चहा घेणार?'" ते खुर्ची ओढून बसले. "बालवाडीपासून ओळखतो मी त्याला. हाकलून दिलं असतं तरी चाललं असतं. मला 'या, बसा' म्हणाला हो!"

त्यांच्या त्या 'बे'ला भांडण समजणारी मी. त्या दिवशी मला कळलं की ते काय होतं.

पुढच्या ड्राफ्टला दोघं गॅरेजच्या दोन टोकांना. रामनची बदली ऑस्टिनला झाली, तेव्हा त्यांच्या टीमने मधूभाऊंना कॅप्टन केलं. आता तर सगळ्या कॅप्टनांनी एकमेकांशी बोलावंच लागायचं. मधूभाऊ बोलायचे. "आपला काय विचार आहे?" असं, अगदी सभेत बोलल्यासारखं. कप्तान मान खाली घालून उत्तर द्यायचे.

शेवटी मलाच राहवलं नाही. एकदा देशी दुकानात मधूभाऊ तूरडाळ घेताना भेटले आणि मी सरळ विषय काढला. रामनच्या नोकरीचं सांगायला सुरुवात केली, तर ते म्हणाले, "माहीत आहे मला. रामनने पहिल्याच आठवड्यात सांगितलं."

"मग?"

"मग काय? उपकार केले त्याने. माझी पोरगी आज इथे आहे ती त्याच्यामुळे. नाही कुठे म्हणतो मी?" त्यांनी डाळीची पिशवी उगाच खालीवर केली. "सगळ्या गावाला फोन करायचा तो. अदलाबदलीच्या वेळी तुमच्या मिस्टरांनासुद्धा विचारलं होतं ना? ज्याला बॅट धरता येत नाही त्याला विचारलं. मला नाही."

मिस्टरांबद्दलचं मी सोडून दिलं. म्हटलं, "घरचे म्हणून नाही विचारलं हो त्यांनी."

"घरच्याला मन नसतं का?" ते म्हणाले. "विचारलं असतं तर शिव्या दिल्या असत्या, दोन दिवस बोललो नसतो. आणि तिसऱ्या दिवशी गेलोही असतो."

मी हे शब्द जसेच्या तसे कप्तानांना सांगितले. ते खुर्चीत मागे टेकून बसले होते. मग एकच हात वर आला, आणि एकच बोट.

"जवळून गेला," म्हणाले. "दोन खांब सोडून."

जरा वेळाने म्हणाले, "यंदा मीच फोन करतो. मार्चच्या आधी. नीट विचारतो, 'मध्या, परत येतो का बे?' नाही म्हणाला तर नाही." आणि मग, मला पहिल्यांदाच त्यांची भीती दिसली. "'विचार करून कळवतो' असं नाही ना म्हणणार तो?"

ही जानेवारीतली गोष्ट. फोन करायला त्यांना धीर होईना. रोज सकाळी मी डोळ्यांनी विचारायची आणि ते मान हलवायचे. फेब्रुवारीत एका सकाळी ते ऑफिसात आलेच नाहीत. गाडी पार्किंगमध्ये होती, त्यांच्या आवडत्या झाडाखाली लावलेली. आतच गेले. हार्ट. पन्नाशीही गाठली नव्हती.

मधूभाऊ तिसऱ्या दिवशी नाही, त्याच तासाला आले. वहिनींच्या घरचं सगळं त्यांनीच केलं. फ्युनरल होमच्या गोऱ्या माणसाला अग्नी कोण देणार, नारळ कुठे ठेवायचा, सगळं समजावत होते. रडले नाहीत. वहिनींनी त्यांना विचारलं, "भाऊजी, ह्यांनी फोन केला होता का हो तुम्हाला?" त्यांनी नुसती नकारार्थी मान हलवली. तेव्हाही रडले नाहीत.

मार्चचा ड्राफ्ट रद्द करावा असं सगळ्यांचं मत होतं. वहिनी म्हणाल्या, "होऊ दे. आणि इथेच होऊ दे." त्यांनी पोहेही केले. गॅरेजात त्याच खुर्च्या, कोपऱ्यात चिमट्यांचा कप. फळ्यापाशी मी.

आदल्या वर्षी मधूभाऊंची टीम तळाला गेली होती, म्हणजे पहिली निवड त्यांची. त्या वर्षी हैदराबादचा एक मुलगा नवीन आला होता, रणजीच्या उंबरठ्यावरून परत आलेला. तो सगळ्यांनाच हवा होता. तोही पुढच्या रांगेत इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता.

मधूभाऊ उठले आणि त्यांनी कप्तानांचं नाव घेतलं. पूर्ण नाव, मधल्या वडिलांच्या नावासकट.

माझा खडू हातात. सवयच इतकी झाली होती, प्रत्येक नावाला मी एक प्रश्न टाकायचीच, तो तोंडातून निघून गेला. "विचारलं?"

मधूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. "घरच्या माणसाला काय विचारायचं बे," ते म्हणाले, आणि मग मात्र त्यांना उभं राहता आलं नाही. वहिनींनी पोह्यांची पहिली बशी आणून त्यांच्या हातात दिली. ती त्यांनी हातात धरून ठेवली.

मी नाव फळ्यावर लिहिलं. हैदराबादचा मुलगा पुढच्या टीमने उचलला. मधूभाऊंची टीम सबंध सीझन दहा जणांत खेळली. कुणी बदली माणूस देऊ केला तर म्हणायचे, "आमचे अकरा आहेत." पहिल्या स्लिपमध्ये ते कुणाला उभं राहू द्यायचे नाहीत आणि तिथून चेंडू सारखे चौकारांना जायचे. टीममधली तरुण मुलं कुरकुरायची, पण त्यांच्या तोंडावर कुणी बोललं नाही. दर रविवारी मी स्कोअरबुकात दहा नावं लिहायची आणि अकरावं कप्तानांचं.

हरायचेच होते, हरले. टीम पुन्हा तळाला गेली, त्यामुळे पुढच्या मार्चमध्ये पहिली निवड पुन्हा मधूभाऊंचीच होती. ते उठले आणि त्यांनी तेच नाव घेतलं. या वेळी मी काही विचारलं नाही.